माझ्या डावीकडे बसलेला माणूस

डोक्यात गाठ आहे असं कळलं की घरी लोकांची रीघ लागते, आणि आलेला प्रत्येक जण अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, जो अगदी ठणठणीत बरा झाला. तो माणूस मी. तेव्हा गोष्ट ऐकायचीच असेल तर माझ्या तोंडून ऐका. शेजारीपाजारी सांगतात तेव्हा शेवट गाळतात.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ होतो. ऑफिस सदाशिव पेठेत, घर कर्वेनगरला आणि काम गावभर. कुठल्या तरी सोसायटीत माणसं लिफ्टमध्ये अडकली की फोन यायचा आणि मी कंपनीची छोटी व्हॅन घेऊन निघायचो. दिवसाचा निम्मा वेळ माझ्या हातात पाना नसायचा, स्टिअरिंग असायचं. पण गाडी चालवणं हे माझं काम आहे असं कंपनीत कुणी कधी मानलं नाही. माझं लिफ्टचं ज्ञान दर वर्षी तपासायचे. गाडीबद्दल नोकरीला लागताना एकदाच विचारलं होतं, "येते ना?" मी येते म्हणालो. विषय संपला.

फिरता चषक

मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. बोलायला अत्यंत मऊ. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

साहेबांना विनोदाचं अंग होतं. महिन्याच्या मीटिंगमध्ये ज्याच्या गाडीला पोचा पडला असेल त्याला ते समारंभपूर्वक एक खेळण्यातलं स्टिअरिंग द्यायचे. लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं, खाली 'फिरता चषक' असं रंगवलेलं. ते महिनाभर आपल्या टेबलावर ठेवायचं. पहिल्यांदा मिळालं तेव्हा सगळे हसले आणि मीही हसलो. न हसणाऱ्याला विनोद कळत नाही असं आमच्याकडे समजतात. पुढे पुढे चषक फिरायचा थांबला आणि माझ्याच टेबलावर मुक्कामाला आला. आरसा तुटला. मग दरवाजा घासला. मग बंपरचा कोपरा चेपला, मग पुन्हा आरसा.

सगळं डाव्या बाजूला. हे मी आज लिहितोय तेव्हा तुम्हाला लगेच दिसलं. तेव्हा कुणाला दिसलं नाही, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो.

माझ्याकडे खुलासा तयार होता: पुणं. या गावात डावीकडून कोण कधी घुसेल याचा नेम नाही. स्कूटरवाला आधी दिसतच नाही, एकदम शेजारी उगवतो. मी असं म्हणालो की मीटिंगमधले सगळे माना डोलवायचे, कारण प्रत्येकाचा तोच अनुभव. माझ्या आजाराने लपायला बरोबर जागा निवडली होती. वर्षातून एकदा कंपनीत डोळे तपासायला एक माणूस यायचा. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा. मी सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचायचो.

एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "देवधर, तुम्ही आता सीनियर. हत्यारांची पेटी उचलत फिरायचं तुमचं वय राहिलं नाही. भानुदासला देतो तुमच्याबरोबर."

भानुदास आमच्या वर्कशॉपमधला फिटर. धायरीचा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. त्याला मदतनीस म्हणून दिला याचा मला मनापासून आनंद झाला. घरी बायकोला, नीलाला, मी ते दोनदा सांगितलं. भानुदास पेटी मागे ठेवायचा आणि माझ्या शेजारी बसायचा. त्याला एकच खोड होती. सारखं म्हणायचा, "डावीकडं बघा, सर." सिग्नलला, वळणावर, पुलावर. मला वीट आला. मी म्हणायचो, "गाडी तू चालवतोस का मी?" पुढच्या सिग्नलला तो पुन्हा तेच म्हणायचा.

टँकर

सिंहगड रस्त्याला एका सोसायटीत लिफ्टमध्ये एक आजी आणि तिची नात अडकल्या होत्या. मी निघालेलोच होतो, तरी साहेबांचे फोन सुरू होते. "कुठे पोहोचलात? सोसायटीचे चेअरमन डोकं खातायत." मी एका हाताने फोन धरून सांगितलं, "पोहोचतोच आहे." ते म्हणाले, "ठेवू नका, बोलत राहा."

रस्त्याच्या कडेला पाण्याचा टँकर उभा होता. भलामोठा, हिरवा. मला तो दिसला नाही. एक मोठा आवाज झाला आणि गाडी थांबली. मला कपाळाला टाके पडले. व्हॅनची डावी बाजू टँकरच्या मागच्या कोपऱ्यावर बसली होती. त्या बाजूला भानुदास होता.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

फोन सुरूच होता, खाली पडला होता. त्यातून साहेब "हॅलो, हॅलो" म्हणत होते. आजी आणि नातीला सोसायटीच्या वॉचमननेच दार उचकटून बाहेर काढलं, असं मला नंतर कळलं.

कुठली चटणी?

पोलिसांनी जबाब घेतला, माझा परवाना जमा करून घेतला आणि मला घरी सोडलं. मी टँकर दिसला नाही म्हणालो तेव्हा हवालदार म्हणाला, "एवढा हत्ती दिसला नाय?" हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो.

त्यानंतरच्या एका दुपारी नीलाने पान वाढलं. आमच्या घरात पान रीतीने वाढतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. यात कधी बदल नाही. नीला लग्न होऊन आली तेव्हापासून असंच वाढते.

इथे एक घरगुती भानगड सांगायला हवी. गेले कित्येक महिने आमचं चटणी-कोशिंबिरीवरून बिनसलं होतं. मी त्या पानात तशाच टाकायचो. नीला विचारायची, "चटणी कशी झालीय?" मी म्हणायचो, "कुठली चटणी?" तिला वाटायचं, टोमणा मारतोय. आमच्या घराण्यात साधं बोलणं कमी आणि टोमणे जास्त, त्यामुळे तिची काही चूक नाही. तीही उलट टोमणा द्यायची, "हो, तुमच्या आईच्या हातची चटणी ती चटणी." मला कळायचं नाही ही मधेच आईवर का घसरली. महिनोन्‌महिने आम्ही असे एकमेकांना बोललो, आणि मी दर वेळी अगदी खरं तेच विचारत होतो.

त्या दुपारी ती भांडायच्या मनःस्थितीत नव्हती. हळूच म्हणाली, "अहो, काकडीची कोशिंबीर केलीय. खा की."

मी म्हणालो, "कुठेय?"

मग तिने माझं ताट धरून अर्धं फिरवलं. भाजी गेली आणि कोशिंबीर आली. मी म्हणालो, "आता वाढलीस होय?"

नीला खालीच बसली. मग पुन्हा ताट फिरवलं. पुन्हा विचारलं, आता काय दिसतंय. मी सांगितलं. पुन्हा फिरवलं. शेवटी तिने माझ्या डाव्या बाजूला हात नेऊन बोटं हलवली असावीत, कारण ती म्हणाली, "किती बोटं?" आणि मी म्हणालो, "दाखव तर आधी."

"म्हणजे त्या दिवशी भानुदास..." एवढं बोलून ती थांबली. पुढचं मी मनातल्या मनात म्हटलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते सोप्या शब्दांत असं: डोळे उत्तम आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत जिथे उमटतं, तिथे गाठ बसली आहे. दोन्ही डोळ्यांना डाव्या बाजूचं दिसणं बंद झालंय, आणि हळूहळू झाल्यामुळे कळलं नाही. मी विचारलं, "मग तिथे काळं का दिसत नाही?" ते म्हणाले, "तुमच्या पाठीमागे तुम्हाला काळं दिसतं का?"

वॉर्ड

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. तपासणीच्या त्या नळीत घालतात तेव्हा डोळे आधीच मिटून घ्या, आत जाईपर्यंत थांबू नका. डोकं भादरायला न्हावी येतो, तो सहजपणे विचारतो, "मिशी ठेवायची का?" हो म्हणा. ऑपरेशननंतर आरशात ओळखीचं तेवढंच काहीतरी उरतं.

भीतीबद्दल लोक फार गोड लिहितात. मला ऑपरेशनच्या आदल्या दुपारी इतकी भीती वाटली की मी नीलाचा हात धरून तिला घरी जाऊ दिलं नाही. तिला जेवायचं होतं, तिने तसं दोनदा सांगितलं. तरी मी हात सोडला नाही. ती उपाशी बसली आणि रागावलेली होती. आजारी माणूस निर्दय असतो, हे सोबत बसणाऱ्यांनी आधीच समजून असावं.

एक मावशी चहा आणायची आणि तो माझ्या डावीकडे ठेवायची. मी प्यायचो नाही. ती गार झालेला कप नेताना बडबडायची. तिला एकदा कारण कळलं, त्यानंतर ती रोज उजवीकडे कप ठेवून टेबलावर टकटक वाजवायची. पूर्ण आजारपणात एवढं बिनबोभाट भलं माझं दुसऱ्या कुणी केलं नाही.

बाकीच्यांना या गोष्टीचा वेगळाच उपयोग कळला. डावीकडे उभं राहिलं की याला आपण दिसत नाही, म्हणून लोक तिथे उभे राहून मोकळेपणाने बोलायचे. माझा सख्खा मेहुणा माझ्या उशाशी उभा राहून म्हणाला, "वाचले तर केस आहेच म्हणा." मला दिसत नव्हतं, ऐकू उत्तम येत होतं. मी म्हणालो, "श्रीकांत, चहा घेतलास का?" तो त्यानंतर आला नाही.

भानुदास त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर होता. नीला घरून डबा आणायची तेव्हा त्याच्या बायकोसाठी, सुरेखासाठी, एक जास्तीचा आणायची आणि वर नेऊन द्यायची. संध्याकाळी रिकामा डबा आणायला जायची. डबा न उघडता परत यायचा. काही दिवसांनी मी म्हणालो, "नको नेऊस आता." नीला म्हणाली, "ती घेत नाही हे तिचं बरोबर आहे. मी नेते हे माझं बरोबर आहे." शेवटपर्यंत नेत राहिली. परत आलेला डबा आम्ही दोघं खायचो.

साहेब भेटायला आले

शहाळं घेऊन आले. उजवीकडे बसले. मऊ आवाजात म्हणाले, "देवधर, एवढी मोठी गोष्ट आमच्यापासून लपवलीत?"

मी म्हणालो, "मलाच माहीत नव्हतं, साहेब."

"असं कसं? स्वतःला दिसतंय की नाही, हे माणसाला कळत नाही?"

नीला म्हणाली, "मी रोज जेवायला वाढते. मलाही कळलं नाही."

"वहिनी," साहेब म्हणाले, "तुम्ही गाडीत बसत नव्हतात."

त्या वेळी मला ते वाक्य नुसतं तिरकस वाटलं. मी घरी येईपर्यंत सगळ्या ऑफिसात पसरलं होतं की देवधरांनी आजार लपवून गाडी चालवली आणि भानुदासचा पाय घालवला. पोलिसांनाही साहेबांनी तेच सांगितलं होतं. माझ्याबरोबर वीस वर्षं डबा खाणाऱ्या माणसांनी माझे फोन उचलायचं बंद केलं.

गाठ साधी निघाली. पूर्ण निघाली. डावीकडचं दिसणं परत आलं नाही, येणारही नाही. तुमच्याकडे सांगायला येतात तो बरा झालेला माणूस हा.

माणूस दिला होता

चालता-फिरता झाल्यावर मी नीलाबरोबर रिक्षाने ऑफिसला गेलो. नीलाला बाहेर बसवलं आणि केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "साहेब, मी लपवलं असं तुम्ही गावभर सांगितलंत. एकदा तरी विचारायचं होतंत, सगळे पोचे एकाच बाजूला का पडतात?"

साहेब दुखावले. खरोखरच दुखावले, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, कारण ते समोर होते.

"विचारायचं होतंत म्हणजे?" ते म्हणाले. "आमचं लक्ष नव्हतं असं वाटतं तुम्हाला? अहो, म्हणून तर भानुदासला बसवला तुमच्या डावीकडे. त्याला नीट समजावून सांगितलं होतं, देवधरांना त्या बाजूचं दिसत नाहीसं वाटतं, तू बघत जा. वर्कशॉपमधला चांगला फिटर काढून दिला मी तुम्हाला. कोण करतं एवढं?"

मला आधी नीट कळलंच नाही. मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं."

"अंदाज होता."

"मग मला डॉक्टरकडे का नाही पाठवलंत?"

"पाठवलं असतं तर तुमची गाडी बंद. गाडी बंद म्हणजे कॉल बंद. लिफ्टची अनुभवी माणसं मिळत नाहीत हो, देवधर. आणि तुम्ही खचला असतात." मग म्हणाले, "पाणी घ्या ना, मघापासून ठेवलंय."

मला तो ग्लास दिसला नाही. त्या क्षणी दिसला असता तर मी तो त्यांच्या तोंडावर फेकला असता, हे मी इथे लिहून ठेवतो. या माणसाने माझा आजार माझ्याआधी ओळखला होता. आणि त्यावर औषध म्हणून एक जिवंत माणूस आणून माझ्या आंधळ्या बाजूला बसवला होता. वर दर महिन्याला माझ्या हातात खेळण्यातलं स्टिअरिंग देऊन हसत होता.

तुम्ही दुसऱ्याच्या कामासाठी गाडी चालवत असाल आणि एकाच प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा होत असतील, तर हसणाऱ्यांबरोबर हसू नका. डोळे आणि डोकं दोन्ही दाखवून घ्या. आणि तुम्ही मालक असाल तर एवढंच: तुमच्या कामासाठी रस्त्यावर जाणाऱ्या माणसाला काय झालंय याचा अंदाज आला, की आधी त्याची किल्ली काढून घ्या, मग त्याला सांगा. तो खचू दे. खचलेल्या माणसाला दोन पाय असतात, आणि त्याच्या शेजारच्यालाही.

धायरी

भानुदासकडे मी एकटाच गेलो. सुरेखाने दार उघडलं आणि आत निघून गेली. आपल्याकडे वैऱ्यालाही आधी पाणी देतात. पाणी आलं नाही. भानुदास खाटेवर बसला होता. लाकडी रंगाचा नवा पाय लावलेला होता, त्यावर पँट ओढलेली.

मी म्हणालो, "तुला माहीत होतं, भानुदास?"

"व्हय. साहेब म्हनले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"साहेब म्हनले, सांगू नको. आन् सांगून तुम्ही काय ऐकनार होता? डावीकडं बघा म्हनलं की तुम्ही म्हनायचा, गाडी तू चालवतोस का मी."

मी म्हणालो, "मग बसायचंच कशाला? नाही म्हणायचं होतंस साहेबांना."

"सर, नाय म्हनलो असतो तर वर्कशॉप बी गेलं असतं. दोन पोरी हायेत." त्याने नव्या पायावरची पँट नीट केली. "त्या दिवशी मी दोनदा वरडलो. तुम्ही फोनवर साहेबांना सांगत होता, पोचतोच म्हनून."

आतून सुरेखा म्हणाली, "झालं का इचारून?"

मी म्हणालो, "मी पोलिसांकडे जातो. साहेबांना सगळं माहीत होतं, हे सांगतो. तू फक्त हो म्हण."

भानुदासने मान हलवली. "साहेबांनी गेटवर बसवलंय मला. खुर्ची दिलीय. उद्या मी हो म्हनलो की खुर्ची गेली. एका पायाच्या फिटरला कोन ठेवतंय? तुम्हाला सांगायचं तर सांगा, सर. मी नाय म्हननार. साहेब म्हनत्यात ते खरं, असं म्हननार."

म्हणजे माझं नाव धुऊन निघायचं तर त्याची खुर्ची जाणार, आणि त्याची खुर्ची राहायची तर मीच तो लपवणारा. पुढे मी पोलिसांकडे गेलो नाही. यात मोठेपणा नाही. मला सारखी सुरेखाने न उघडता परत पाठवलेल्या डब्यांची आठवण येत होती आणि आणखी काही त्या घरातून काढून घ्यायची हिंमत नव्हती. केस अजून चालू आहे आणि लपवणारा मीच आहे. या लिखाणात कंपनीचं नाव नाही, भानुदासचं खरं नाव भानुदास नाही आणि माझंही देवधर नाही, ते एवढ्यासाठीच.

मी उठलो तेव्हा तो काठी घेऊन उठला. म्हणाला, "रिक्षापर्यंत येतो. हितं गाड्या लई बेकार येतात, तुम्हाला दिसनार नाय." नको म्हणालो तरी आला. गल्ली अरुंद, दोन्हीकडे नव्या इमारती आणि मधून टेम्पो, दुचाक्या, सगळंच. तो माझ्या डाव्या बाजूने चालत होता. काठीचा आणि त्या पायाचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता.

मी म्हणालो, "भानुदास, उजवीकडून चाल ना. डावीकडचं मला दिसत नाही."

तो म्हणाला, "म्हनूनच हितनं चालतोय, सर."